गाडी कुठून हलते

जाहीर निवेदन. बुऱ्हाणपूर शहरातले तमाम नागरिक, आमच्या गल्लीतले रहिवासी, चौकातल्या पानटपरीचे सन्माननीय आजीव सभासद आणि निंबोल्यापासून देडतलाईपर्यंत पसरलेले त्यांचे सगेसोयरे यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, प्रभाकरअण्णा महाजन यांचे हात कापत नाहीत. पूर्वीही कापत नव्हते. ज्यांना याबद्दल शंका असेल त्यांनी माझ्या घरी यावे. चहा मिळणार नाही.

हे निवेदन खरं तर मॅडमनी करायचं. त्यांनी ते भर बाजाराच्या दिवशी चौकात उभं राहून केलं असतं, आणि निम्मा बाजार खाली मान घालून घरी गेला असता. पण मॅडम गेल्या. त्यांच्या मागे भेटायला आलेला एक गृहस्थ, समोर अण्णा भिंतीला टेकून बसलेले असताना, माझ्या कानाशी लागून म्हणाला, "आता तरी अण्णांनी गाडी सोडावी हो. हात कापतात ना त्यांचे." मला असा राग आला, असा राग आला, की तो माझ्या कुवतीबाहेरचा आहे हे माझं मलाच कळलं. तो मी शेजारून उसना आणलेला होता.

मॅडम म्हणजे अण्णांच्या पत्नी, सुलोचना महाजन. मराठी शाळेत भूगोल शिकवायच्या आणि शाळा सुटली तरी शिकवणं थांबवायच्या नाहीत. उंचीने बेताच्या, अंगाने काटकुळ्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. राग आला की तो चष्मा बोटाने वर सरकायचा, आणि मी तो बहुतेक वर सरकलेलाच पाहिला आहे. इतर माणसांना राग येतो आणि जातो. मॅडमकडे तो राहायलाच होता.

त्यांचा एक शब्द होता, "कुठून?" वर्गात मुलगा म्हणाला पोट दुखतं, की "कुठून दुखतं? बोट ठेव." बोट ठेवता आलं नाही की पोट दुखत नव्हतं. वीज गेली की आम्ही मेणबत्ती शोधायचो, मॅडम फोन शोधायच्या.

"लाइट गेली हे मला दिसतंय. कुठून गेली ते सांगा."

पलीकडचा म्हणायचा, "मॅडम, पीछे से गई है."

"कुणाच्या पीछे से? तुमच्या का माझ्या?"

एकदा निंबोल्याला लग्नात आम्ही शेजारी शेजारी पंगतीला बसलो होतो. बट्टी, वरण आणि ज्याच्यासाठी माणसं दोन दोन गावं ओलांडून येतात ती वांग्याची भाजी. वाढपी बादली घेऊन आला आणि अर्धी पळी टाकत पुटपुटला, "भाजी संपत आली."

"कुठून संपली?" मॅडम म्हणाल्या. "वरून का खालून?"

मॅडमनी वाढप्याच्या हातातली पळी घेतली, बादलीच्या तळापर्यंत घातली आणि वर काढली. पळीत वांगीच वांगी. "भाजी आहे. तर्री संपलीये. तर्री कुणाच्या ताटात गेली ते विचारून येते." आणि त्या खरोखर उठल्या. वरपक्षाच्या पंगतीत तेवढ्यात सगळ्यांनी तर्री बट्टीत कालवून टाकली, पुरावा नको म्हणून.

अण्णा याच्या अगदी उलट. पाटबंधारे खात्यात होते. तापीच्या घाटावर पाण्याची पातळी मोजायची आणि वर कळवायची, यात त्यांची नोकरी संपली. आमच्या दोन घरांत एकच भिंत. त्या भिंतीतून इतक्या वर्षांत अण्णांचा आवाज मला कधी ऐकू आला नाही. नवीन राहायला आलो तेव्हा बरेच दिवस मला वाटायचं, बाई फोनवर बोलतायत.

हे अण्णा निवृत्त झाले आणि एक दिवस लांबच्या प्रवासाची मोठी मोटारसायकल घेऊन आले. एका हौशी माणसाने वापरलेली, पण निगुतीने राखलेली. पुढे वारा अडवायची काच, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या आणि मागे, सीटच्याही मागे, एक भलामोठा डबा. गल्लीने त्या डब्याला लगेच तिजोरी म्हणायला सुरुवात केली. बेत असा की, जिची उंची जन्मभर मोजली ती तापी जिथून निघते ते मुलताई बघायचं, आणि जमलं तर पुढे अमरकंटकला जाऊन नर्मदाही कुठून निघते ते पाहायचं. बेत अण्णांचा, "कुठून" मॅडमचं.

आता आमच्याकडे कुणी गावाला निघालं की जे होतं ते झालं. गल्लीतल्या प्रत्येक घराला आठवलं की त्या वाटेवर आपलं कुणीतरी आहे. "जाताच आहात तर एवढंसं न्या." एवढंसं म्हणजे ज्वारीच्या बिबड्यांचा डबा, शेवयांची पिशवी, केळ्याचे वेफर, लोणच्याची बरणी. समोरच्या चौधरींची बहीण मुलताईला. त्यांनी फडक्यात शिवलेलं एक गाठोडं आणून दिलं. "एवढंसंच आहे." शिवलेल्या गाठोड्यात काय आहे हे आमच्यात विचारत नाहीत. विचारलं की विश्वास नाही असं होतं. सगळं तिजोरीत गेलं.

देडतलाईच्या अलीकडे, सरळ मोकळ्या रस्त्यावर, जरा वेग घेतल्याबरोबर गाडी डोलायला लागली. अण्णांनी वेग कमी केला, गाडी शांत झाली. पुन्हा वेग, पुन्हा डोलणं. संध्याकाळी दोघं घरी परत. गाडीभोवती गल्ली जमली तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "हँडल जरा हललं."

संपलं. त्या एका वाक्याने अण्णांचं वाटोळं झालं.

"हँडल हललं म्हणजे हात हलला," चौधरी म्हणाले. "वय झालं अण्णा. मी बघतो ना, चहाची बशी वाजते तुमची." बशी वाजायची हे खरं आहे. पण त्या घरात माझीही बशी वाजायची. मॅडम समोर बसून बोलत असल्या की चौधरींचीही वाजायची, फरक इतकाच की ते बशी खाली ठेवून ऐकायचे. शिवाय चौधरींच्या मुलाला ती गाडी फार आवडली होती हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

"हात नाही हलत," मॅडम म्हणाल्या. "गाडी हलते. आणि मागून हलते. मी मागे बसते, मला माहीत."

त्यांचं कुणी ऐकलं नाही. मोटारसायकलबद्दल मागे बसलेल्या बाईला विचारायचं असतं हे या देशात अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.

अण्णांनी गाडी गजूच्या गॅरेजला दिली. गजू म्हणजे गजानन कोळी, मॅडमचाच विद्यार्थी, आता केस पिकायला लागलेला, हात चांगला. अण्णा शिस्तीचे. गाडी देताना त्यांनी पेट्या काढल्या, तिजोरी उतरवली, गाडी धुतली, पुसली आणि मग नेली. गजूने हँडल ज्यावर फिरतं ते कोनसेट आवळलं, पुढचं चाक तपासलं, एकटा बसून खंडवा रोडला चक्कर मारून आला. "एकदम मख्खन, अण्णा."

तिजोरी परत चढली, मॅडम चढल्या, आणि खकनारच्या आधीच गाडी परत डोलली. पुन्हा गजू, पुन्हा कोनसेट, पुन्हा मख्खन. कोनसेट इतकं आवळलं गेलं की हँडल वळेना, आणि गल्लीत वळताना अण्णांनी केळीवाल्याच्या हातगाडीला धक्का दिला. फण्या रस्त्यावर. केळीवाला भला माणूस, तो रागावला नाही, त्याने त्याहून वाईट केलं. प्रेमाने म्हणाला, "अण्णा, अब छोड दो. हाथ कांपते आपके."

त्या दिवशी अण्णांनी गाडीवर कापड टाकलं. किल्ली खुंटीला लावली. विचारलं तर म्हणाले, "असू दे. बसने जाऊ मुलताईला." त्यानंतर चहा द्यायला आले की ते कप दोन्ही हातांनी धरून यायचे, आणि सगळ्यांची नजर त्या हातांवर. स्वतःचे हात स्वतःच संशयाने बघणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मला तो दिवस आठवला की अजून कुणाला तरी धरून हलवावंसं वाटतं.

मग चौधरींनी निरोप पाठवला की गाडी नुसती पडून गंजेल, त्यापेक्षा आमचा मुलगा वापरेल. निरोप घेऊन मीच गेलो होतो. मॅडमचा चष्मा वर सरकला.

"मधू, चल."

"कुठे?"

"गजूकडे. अण्णांना म्हणावं, गाडी काढा. पेट्या लावा. तिजोरी लावा. गाठोडी सगळी भरा, जशी होती तशी. काही पुसायचं नाही."

गॅरेजसमोर आम्ही अशी वरात घेऊन पोचलो. गजू हात पुसत बाहेर आला.

"मॅडम, मी दोनदा ट्रायल घेतली. गाडीत काही नाही. म्हणजे आता कसं बोलू, पण हात..."

"पोट दुखतं म्हणून दवाखान्यात जायचं आणि पोट घरी ठेवून जायचं, असं करतोस का तू?"

"नाही मॅडम."

"मग रिकामी गाडी काय तपासतोस? ती भरल्यावर हलते. मी बसल्यावर हलते. बस पुढे. मी मागे बसते."

गजू पांढरा पडला. तापी पूर्वेला वाहते असं नकाशात दाखवल्याबद्दल ज्या बाईने त्याला बाकावर उभं केलं होतं, तिला मागे बसवून त्याने खंडवा रोडला जायचं. त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं, अण्णांकडे पाहून "जातो" असं म्हणाला, आणि ते दोघं गेले. अण्णा आणि मी गॅरेजच्या बाकावर. अण्णा आपले हात मांडीखाली दाबून बसले होते.

परत आल्यावर गजू आधी माठाकडे गेला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "मागून."

"मोठ्याने," मॅडम म्हणाल्या.

"मागून हलते. हँडल नंतर हलतं. अण्णांच्या जागी मी होतो, माझ्याही हातात तसंच आलं."

त्याने गाडी स्टँडवर चढवली, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं, आणि ते सैल दारासारखं कटकट वाजलं. मागचं चाक ज्या चिमट्यात बसतं, त्याचं बुश झिजून गेलं होतं. रिकाम्या गाडीला तेवढा सैलपणा जाणवत नव्हता. मागे भार पडला आणि वेग आला की शेपूट डोलायचं आणि त्याच्यामागून हँडल. मॅडमनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी हात मांडीखालून काढले. एवढंच झालं, पण माझा राग जरा उतरला.

मॅडमचा नाही उतरला. त्या गॅरेजच्या दारात उभं राहून अण्णांना सुनावू लागल्या की त्यांनी मुळात "हँडल" हा शब्द उच्चारलाच का. तेवढ्यात गजूने मला बाजूला घेतलं.

"भाऊ, बुश नवीन टाकतो. मागचा डबाही फार भारी झालाय, तो हलका करा. पण तिसरं कारण पण आहे."

"कोणतं?"

गजूने दाराकडे पाहिलं. "मॅडम."

"म्हणजे?"

"ट्रकवाल्याने हॉर्न मारला, तर मॅडम पूर्ण मागे वळून त्याचा नंबर वाचू लागल्या. जीप ओव्हरटेक करून गेली, तर उजवीकडे झुकून तिला बोलल्या. बकऱ्या आडव्या आल्या, तर बकऱ्यावाल्याला पार मागे जाईपर्यंत बोलल्या. मी सरळ धरली हो, पण ती नागिणीसारखी चालली. मागच्या माणसाने असं अंग टाकलं तर कुठलीही गाडी डोलेल."

"मग सांग ना त्यांना."

"मी? भाऊ, मी त्यांच्यासमोर अजून सातवीतच आहे."

मीही सांगितलं नाही. माझं घर त्यांच्या शेजारी आहे.

दुसऱ्या दिवशी गल्लीत जे झालं त्याला मी आजही मनातल्या मनात टाळ्या वाजवतो. मॅडमनी तिजोरी ओसरीवर उघडली आणि एकेका घराला नावाने हाक मारली. बिबडे परत. लोणचं परत. "तुमचं एवढंसं. तुमचं एवढंसं. सगळ्यांचं एवढंसं मिळून गाडीचं शेपूट खाली बसलंय." माणसं डबे घेऊन भिंतीच्या कडेने घरी जात होती. शेवटी चौधरींचं गाठोडं निघालं. मॅडमनी कात्री घेतली आणि सगळ्यांदेखत टाके उसवले.

आत खलबत्ता. लोखंडी. बत्त्यासकट.

"ताईने मागितला होता," चौधरी म्हणाले. "तिकडे असा मिळत नाही."

"तिकडे लोखंड मिळत नाही?"

"तसं नाही मॅडम, पण घरचा तो घरचा."

"धरा," मॅडम म्हणाल्या. "असा नाही. हात लांब करून, समोर धरा."

चौधरींनी धरला. मॅडम गल्लीकडे वळून बोलू लागल्या. गाडीच्या मध्यापासून ओझं जितकं लांब, तितकी त्याची ओढ जास्त, हे त्यांनी पृथ्वी आणि चंद्रापासून सुरू केलं. सावकाश. चौधरींचे कोपर खाली यायला लागले.

"खाली नाही, चौधरी. सरळ."

चौधरींच्या कपाळावर घाम आला. मग बत्ता खलात वाजायला लागला. आधी हळू, मग टणटण टणटण, देवळातल्या घंटेसारखा. मॅडम बोलायच्या थांबल्या. सगळी गल्ली तो आवाज ऐकत होती.

"हात कुणाचे कापतात?" मॅडमनी विचारलं.

सगळ्यांनी चौधरींच्या हातांकडे पाहिलं.

"आता छातीशी धरा."

चौधरींनी खलबत्ता कवटाळला. बत्ता गप्प झाला.

"तोच खलबत्ता, तेच हात. लांब टांगला होता म्हणून कापत होते. जा घरी. गाडी विकायची नाहीये."

त्या रात्री जेवण झाल्यावर मी अण्णांना ओट्यावर गाठलं आणि गजूचं तिसरं कारण हळूच सांगितलं. मला वाटलं दचकतील. ते म्हणाले, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"स्कूटर होती तेव्हापासून."

मी चिडलोच. "मग बोलला का नाहीत? सगळं गाव तुमच्या हातांना नावं ठेवत होतं. गाडीवर कापड टाकायची वेळ आली."

अण्णा आत कानोसा घेऊन म्हणाले, "तिला सांगितलं तर ती गप्प बसेल रे. ती मागे गप्प बसली की मला वाटतं, वाटेत कुठे पडलीबिडली." मग म्हणाले, "हातांना ठेवू दे नावं."

ते दोघं मुलताईला पोचले. पुढे अमरकंटकलाही गेले, आणि मॅडम दोन्ही नद्यांच्या उगमावरच्या व्यवस्थेबद्दल भरपूर संतापून परत आल्या. त्यानंतर काही वर्षांनी त्या आजारी पडल्या. दवाखान्यात शेवटी शेवटी त्या काही बोलत नव्हत्या. मी भेटून आलो, पण ते दर्शन मला मान्य नाही. ते मी माझ्या हिशेबात धरत नाही.

मी धरतो ते निघायच्या सकाळचं. नवीन बुश, मागच्या टायरमध्ये नीट हवा, जड सामान दोन्ही बाजूंच्या पेट्यांत खाली, आणि तिजोरीत फक्त दोन रेनकोट. गजू मुद्दाम बघायला आला होता आणि फळ्यासमोर उभा असल्यासारखा हात मागे बांधून उभा होता. गल्ली आपापल्या दारात. या वेळी कुणाच्या हातात काही नव्हतं. चौधरी त्यांच्या पायरीवर, जरा लांब.

अण्णांनी हँडल धरलं. हात दगडासारखे स्थिर. मी पाहिले, सगळ्यांनी पाहिले. गाडी सुटली, सरळ रेषेत, अर्धी गल्ली ओलांडून गेली. आणि तेवढ्यात मॅडमना काहीतरी आठवलं. त्या सीटवर कमरेतून पूर्ण मागे वळल्या, चष्मा वर, बोट माझ्याकडे. "मधू, नळ आला की टाकी भरून घे. आणि त्या चौधरींना सांग..."

गाडी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. केळीवाल्याने हातगाडी मागे ओढली. गजूने डोळे मिटले. चौधरी पायरीवरून एक पाऊल पुढे आले, बोट उचलून म्हणायला लागले, "बघा, मी म्हणत नव्हतो, हात..."

आणि गल्लीच्या तोंडाशी, साऱ्या गावाच्या देखत, जो आवाज मी भिंतीतून कधी ऐकला नव्हता तो आवाज म्हणाला, "अगं सुलू, सरळ बस की!"